पाठीमागून आलेलं पाणी

पाण्याची भीती मला पहिल्यापासूनच. वन्संना ती कधीच नव्हती. आता त्यांनाही आहे, आणि त्यांची भीती बघून माझी दुप्पट झाली आहे.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा लवकर गेला, तेव्हापासून खडकांवरची कालवं काढून विकतात आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. वस्तीत त्यांना ‘घड्याळ’ म्हणतात, कारण भरती-ओहोटीची वेळ त्यांना विचारूनच होड्या सुटायच्या. जीभ मात्र कोयतीपेक्षा धारदार. मी सकाळी देवापुढे बसले की दारातून हाक येणारच, “वहिनी, झाली का गं तुझी वशिलेबाजी?”

सगळा जन्म समुद्रावर गेला, पण त्यांना पोहता येत नाही. म्हणायच्या, “पाणी यायच्या आत निघायचं. पोहायचंय कुणाला?”

किनारा आणि मोठा खडक यांच्यामध्ये एक खोल चर आहे. ओहोटीला ती कोरडी पडते, तेव्हा ती ओलांडून जायचं. भरती समोरून, समुद्राकडून चढते आणि चर सगळ्यात शेवटी भरते. म्हणून वन्सं किनाऱ्याकडे पाठ करून बसतात, नजर समोरच्या पाण्यावर. हे त्यांच्या आईनं शिकवलेलं, आईला तिच्या आईनं.

पूर्वी इतक्या लांब जावंच लागत नव्हतं. किनाऱ्यालगतच टोपली भरायची. हॉटेलं आली, पाहुणे बूट घालून त्या खडकांवर हिंडायला लागले, आठवण म्हणून शिंपले खिशात भरून न्यायला लागले. आता ते खडक टकलासारखे गुळगुळीत झालेत. आणि त्याच पाहुण्यांना रात्री ताटात कालवं हवी असतात! मग मोठ्या खडकाशिवाय इलाज नाही.

यंदा सहलीच्या बोटींसाठी समुद्रात दगडी बांध घातला. तो पुरा झाल्यानंतरचं पहिलं मोठं उधाण मंगळवारी होतं. मी किनाऱ्यावर वन्संचा डबा घेऊन गेले होते. त्या लांबवर वाकून काम करत होत्या. समोरचं पाणी शांत, खूप खाली. सहज चरीकडे पाहिलं. बांधाला अडून वळलेलं पाणी चरीत शिरत होतं. आवाज नाही, लाट नाही, दुधाचं भांडं भरावं तसं नुसतं वर येत होतं.

मी ओरडले. हॉटेलच्या स्पीकरवर गाणी दणदणत होती. माझा आवाज मलाच ऐकू येईना. डब्याची पिशवी दोन्ही हातांनी हलवली. शेजारी एक बाई फोटो काढत होती, तिनं हसून मलाही हात केला. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

शेवटी वन्संनी मान वळवली. मला पाहिलं, कोयती उंचावून हलवली, आणि पुन्हा खाली वाकल्या! त्यांना वाटलं, मी जेवायला बोलावतेय.

मी धावत पाण्यातल्या स्कूटरवाल्याकडे गेले. दांडगा माणूस, वन्संनी त्याचं नाव ‘भुंगा’ ठेवलेलं. त्याच्या यंत्रानं मासे पळतात म्हणून रोज त्याचा उद्धार व्हायचा.

“खडकात मशीन नेलं तर मालक मला उभा गाडेल हो, काकू.”

“माझी नणंद आहे ती! पोहता येत नाही तिला!”

त्यानं चरीकडे पाहिलं. “आयला, हे पाणी इकडून कधीपासून यायला लागलं?” एवढं बोलून त्यानं मागे बसलेल्या पाहुण्याला उतरवलं आणि निघाला.

तोवर वन्सं वळल्या होत्या. चरीच्या काठाशी आल्या आणि थांबल्या. एक पाय खाली घातला, पाणी मांडीपर्यंत आलं, तशा मागे सरल्या. मग पुन्हा समोरच्या समुद्राकडे पाहिलं, पुन्हा चरीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर ती भीती मी पहिल्यांदाच पाहिली. भर बाजारात हरवलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

भुंग्यानं लांबूनच जॅकेट फेकलं, दोर टाकला. “मावशी, टोपली सोडा!”

“तुझ्या बापाची आहे का टोपली?” तशातही त्या ओरडल्या. मग जॅकेट चढवून, दोर धरून चरीत उतरल्या, पाणी कमरेला लागलं आणि टोपली सुटली.

किनाऱ्यावर आणल्यावर त्या कुडकुडत बसल्या. भुंगा म्हणाला, “मावशी, आता तरी शिव्या देऊ नका.” त्यांनी निमूट मान डोलावली. तेव्हा मला खरी धडकी भरली.

दोन दिवस त्या खोलीबाहेर आल्या नाहीत. वस्तीतला एक नाखवा होडी सोडायची वेळ विचारायला आला, तर दारातून म्हणाल्या, “मला नका विचारू. दुसऱ्या कुणाला विचारा.”

पण पोट थांबत नाही. शनिवारी त्या दुसरी टोपली घेऊन पुन्हा निघाल्या आणि माझ्या दाराशी थांबल्या. “वहिनी, येशील? नुसती चरीकडे बघत उभी राहा.”

मी गेले. भुंग्यानं शिट्टी दिली होती, ती मुठीत आवळून चरीच्या काठावर उभी राहिले. डोळे मिटायची सोय नव्हती, उघड्या डोळ्यांनीच देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळानं वन्संनी मान वळवून विचारलं, “वहिनी, वेळ झाली का गं?”

मी काय सांगणार? चरीच्या तळाला काहीतरी चकाकलं. पाणी होतं की ओली वाळू, कळेना. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

वन्संनी उलट प्रश्न केला नाही. टोपली उचलून धावतच आल्या. टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता.