ॲप्रनशिवाय नाही

कळवण तालुक्यातली तेजल आहेर एक्स-रेचं शिकायला नाशिकला निघाली, तेव्हा तिचे चुलते कारभारीकाका घरी येऊन बसले. किरणांत काम करणाऱ्या पोरीला मूलबाळ होत नाही, स्थळं येणार नाहीत, त्यापेक्षा डीएड बरं, असं त्यांनी तिच्या वडिलांना ऐकवलं. तेजल बॅग भरत राहिली.

दोन वर्षं तिने मन लावून अभ्यास केला. शिशाचा ॲप्रन का घालायचा, छातीवरचा बॅज अंगाला लागलेली किरणं कशी मोजतो, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात पाठवलं. तिथे विद्यार्थ्यांना बॅज नव्हते. ॲप्रन एकच होता, तोही तडकलेला. पेशंट हलू नये म्हणून विद्यार्थीच त्याला धरून उभे राहायचे, दिवसातून पंधरा-वीस वेळा. पहिला आठवडा तेजलनेही मुकाट्याने धरलं. त्याची तिला अजून लाज वाटते.

दुसऱ्या सोमवारी मनगट मोडलेला चार वर्षांचा मुलगा आला. मुख्य टेक्निशियन खंडेराव सरांनी तिला त्याचा हात धरून ठेवायला सांगितलं.

"ॲप्रन आणि बॅज मिळाल्याशिवाय मी मशीनजवळ थांबणार नाही, सर."

"एवढी भीती वाटते तर या लाइनीत यायचंच नव्हतं."

"भीती वाटत नाही. मी हेच शिकलेय."

मग तिने मुलाला मांडीवर घेऊन खेळ शिकवला: मी 'पुतळा' म्हटलं की हलायचं नाही. त्याला टेबलाशी बसवून हाताला दोन्ही बाजूंनी वाळूच्या छोट्या पिशव्या लावल्या, शिशाच्या आडोशामागे आली आणि बटण दाबलं. फोटो स्वच्छ आला. खंडेराव सरांनी तो नीट पाहिला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

कॉलेजात सगळ्यांनी माफीचं पत्र द्यायला सुचवलं. दोन ओळींत प्रकरण मिटलं असतं. तेजलने दोन पानी तक्रार लिहिली. त्या दवाखान्यातली तिची हजेरी रद्द झाली, नाशिक रोडच्या दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून तीन महिने काढावे लागले. बरोबरच्या मुली नोकरीलाही लागल्या. त्या दिवसांत ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायची, पण तक्रार तिने मागे घेतली नाही.

हे कळल्यावर कारभारीकाका म्हणाले, "म्हंजे मी खरंच सांगत होतो. धोका हायच."

"हाय ना, काका. म्हणून तर तिथं शिकलेलं माणूस लागतं."

काकांनी विषय बदलला.

तक्रारीची चौकशी वर्षभर रेंगाळली. शेवटी त्या दवाखान्याला नवे ॲप्रन घ्यावे लागले, विद्यार्थ्यांना बॅजही मिळाले. तेजलला कोणी कळवलं नाही. तिथे शिकायला गेलेल्या स्नेहल नावाच्या मुलीकडून तिला ते समजलं.

आता चार वर्षं ती ओझरच्या एका रुग्णालयात काम करते. मुलाखतीत त्या रद्द हजेरीबद्दल विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं आणि वर एक्स-रेची खोली बघायला मागितली. मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या आणि स्वतः दाखवायला उठल्या.

आज तिच्या हाताखाली विद्यार्थी शिकतात. पहिल्या दिवशी ती त्यांना बॅज देते आणि सांगते, "ॲप्रन न घालता कोणी मशीनजवळ थांब म्हटलं, तर नाही म्हणायचं. मी म्हटलं तरी."