पायातून निघणारी मोहरी

"साहेब, महारोग असंल तर आधी मला एकट्याला सांगा," रंगनाथ म्हणाला आणि बायकोला बाहेर बसायची खूण केली. ती जागची हलली नाही.

वाटूरचा हा शेतकरी. ज्वारीचं पोतं सहज पाठीवर घेईल असा गडी, पण उजवं पाऊल सुजून टणक झालेलं, वर बारीक छिद्रं. गावानं महारोग ठरवून त्याचं ताट वेगळं केलं होतं. मी टाचणी टोचून पाहिली. त्याला बराबर कळत होतं, म्हणजे महारोगाचं लक्षण दिसेना. मग हाडाचा क्षय? पण ताप नाही, भूक उत्तम. मला खटकली ती पायावरून सोडलेली पट्टी. कोरी करकरीत होती.

"पट्टी कधी बदलली?"

"आत्ताच. पाय धुतला, मंग आलो. घाण पाय तुमच्यापुढं कसा करावा?"

"जुन्या पट्टीवर काय होतं?"

"काय न्हाई." हे तो जरा जास्तच जल्दी बोलला.

"लपवशील तर पाय जाईल," मी चिडून म्हणालो.

तेव्हा बायकोनं तोंड उघडलं. "मोहरी निघती साहेब, काळी. ह्यांचा चुलतभाऊ करणी करून राह्यला. कुणाला सांगायचं न्हाई, असं ठरलं व्हतं."

मी रंगनाथला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि पट्टीला हात लावायचा नाही अशी तंबी दिली. सकाळी पट्टीवर काळे कण होते. एक चिरडून मायक्रोस्कोपखाली धरला. आत धाग्यांचं जाळं. बुरशी. ही मातीत, काट्यांवर राहते. अनवाणी पायात काटा मोडला की आत शिरते आणि सावकाश आधी मांस, मग हाड खाते. धडधाकट माणसालाही सोडत नाही. तिच्यावर तेव्हा भरवशाचं औषध नव्हतं, चाकू होता. हाडात शिरली असती तर पाऊलच कापावं लागलं असतं.

गाठ भोवतालच्या चांगल्या मांसासकट काढली. खाली हाड शाबूत दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

सुगी झाल्यावर तो मस्तगडातल्या माझ्या दवाखान्यात पुन्हा आला, स्वतःच्या पायांनी, जोडे घालून.

"आता चुलतभावाशी बोलतोस ना?" मी विचारलं.

"बुरशी खरी, साहेब. पण काटा त्याच्याच बांधावरचा व्हता."

तेव्हापासून मी पाय बघण्याआधी जुनी पट्टी मागतो. भावकीतल्या संशयाला मात्र चाकू लावत नाही. तो हाडापर्यंत गेलेला असतो.