कल्हईचं कथील, रंगाचं कथील

"आधी कोरा!" सकाळी हातातल्या बांगड्या काढून खणात ठेवता ठेवता आमच्या मॅडम म्हणायच्या. कोरा म्हणजे ज्यात काहीच नाही असा नमुना. तो शून्य दाखवेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. नव्या शिपाईकाकांनी पहिल्या दिवशी लगबगीने बिनदुधाचा चहा आणून ठेवला. मॅडम तो निमूट प्यायल्या, आणि पुढे तो रिवाजच पडला.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी प्रयोगशाळा होती; मी तिथे मॅडमची मदतनीस. नव्वदीची शेवटची वर्षं. होड्यांच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावत, त्यात कथिलाचं एक विषारी संयुग असे. ते कालवांत किती उतरतं हे मोजायची पद्धत बसवायचं काम मॅडमनी मागून घेतलं. त्या कोळ्यांच्या घरातल्या. भावांच्या होड्यांना तोच रंग, आणि होड्या लागत त्याच खाडीतली कालवं काढून आई माणिकपूरच्या बाजारात विकायची.

"आईच्या टोपलीत काय आहे, ते मला कळायला हवं," म्हणायच्या.

पहिल्याच वेळी स्पेक्ट्रोमीटरवर आकडा असा उसळला की मॅडमचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मात्र हसतच आल्या. लेकीच्या कामाला द्यायची म्हणून आईने पितळेच्या पातेल्याला मुद्दाम ताजी कल्हई लावून घेतली होती, आणि त्यातून कालवं पाठवली होती. कल्हई म्हणजे कथीलच की हो! आमची हसून पुरेवाट झाली.

आकडा कल्हईचा की रंगाचा, हे मशीनला कळत नव्हतं. "कळत नाही तर शिकवू," मॅडम म्हणाल्या. कालवांचा अर्क असा धुवायचा की कल्हईचं कथील निघून जावं आणि रंगाचं राहावं. मशीनची नळी जास्त तापली तर मोजायच्या आधीच कथील उडून जाई. कमी तापली तर तेलकट धूर आडवा येई. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. प्रयोगशाळेचे साहेब चिडायचे, आणि या "आणखी एकदा" म्हणून पुन्हा धुवायला घ्यायच्या. असा चिवटपणा मी एरवी सुनेच्या स्वयंपाकात खोट काढणाऱ्या सासवांमध्येच पाहिला आहे. तुम्हीही पाहिला असेल.

अखेर एका दुपारी पातेल्यातली कालवं आणि कल्हई न लागलेली, काचेच्या बरणीतली कालवं, दोन्हींचा आकडा एकच आला. कल्हई धुतली गेली होती. पद्धत बसली! साहेबांनी पेढे मागवले. मॅडम मात्र आकड्याकडे बघत बसल्या. दोन्हीकडे जे उरलं होतं, ते रंगाचं होतं. मला त्यांचं अभिनंदन करवेना.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. आई अंगणात टोपली धूत होती.

"काय निघालं गो?"

"आये, होड्यांजवळची कालवं नको काढू आता. रंग उतरतो त्यांच्यात."

म्हातारीने धुतलेली टोपली उपडी घातली. मग म्हणाली, "पानी तं एकच हाय. मंग मी जाव कुठं?"

"मी येते तुझ्याबरोबर," मॅडम एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मायलेकी ओहोटी बघून खाडीच्या मुखाबाहेर, लांबच्या खडकांवर जाऊ लागल्या. तिथली कालवं मॅडमनी आधी तपासून घेतली होती. एकदा मीही गेले होते.

आज दोघीही नाहीत. मॅडमची आठवण आली की मला पांढरा कोट दिसत नाही. दिसते ती गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, काखेत टोपली, आणि चिखलातून मागे येणाऱ्या म्हाताऱ्या आईसाठी पुढे केलेला हात.