यात्रेच्या जेवणाला आतोबा

पलूसपासून वर म्हसवडापर्यंत ज्या ज्या गावात यात्रा भरते, त्या त्या गावचा देव आमच्या आतोबांना चेहऱ्याने ओळखत असणार, याबद्दल मला शंका नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. फौजेतून हवालदार होऊन परत आले, पलूसजवळच्या रानात ऊस लावला, आणि तेव्हापासून चैत्र उजाडला की ते जेवायला बाहेर पडतात. आमच्याकडे यात्रेच्या आमंत्रणात देवदर्शन असतंच, पण खरा मान ताटाचा. ज्याने बोलावलं त्याच्या घरी दोन घास तरी खाल्लेच पाहिजेत, नाहीतर तो वर्षभर तोंड फिरवून जातो. त्यामुळे एका दिवसात तीन-चार घरी बसावं लागतं, आणि त्या धास्तीने आमच्यातले निम्मे लोक आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवतात, दुसऱ्या दिवशी पाण्यावर राहतात. आतोबांना यातलं काहीच मंजूर नाही. यात्रेच्या सकाळीसुद्धा ते रोजच्यासारखी दूध-भाकरी खाऊन निघतात. "उपाशी माणूस जेवत न्हाई रं, नुसता भरतो," असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, आणि ते मी अर्थातच मनावर घेतलं नव्हतं.

त्यांचं जेवण बघायलाच काही लोक मुद्दाम समोरच्या पंगतीत बसतात. आधी हातपाय धुऊन, तोंडावर पाणी मारून ते ऐसपैस मांडी घालतात. फोन बंद करून खिशात टाकतात. मग भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवतात आणि पहिल्या घासाला डोळे मिटतात. पंगतीत ऊसदर, निवडणूक आणि आजार हे तीन विषय त्यांना चालत नाहीत. एकदा शेजारी बसलेले एक गुरुजी तर्रीकडे बोट दाखवून कोलेस्टेरॉलची माहिती देऊ लागले. आतोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, ती माउली पहाटंपासनं चुलीम्होरं हाय. तिला ऐकू जाईल." थोड्या वेळाने गुरुजींनीच रस्सा मागून घेतला. जेवण झालं की आतोबा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन काय आवडलं ते नेमकं सांगतात, नुसतं "छान झालं" म्हणून सुटत नाहीत. आणि एवढं सगळं असूनही पोट भरलं की ताटावर आडवा हात धरतात. मग यजमानाने शपथ घातली तरी तो हात हलत नाही. "जीभ अजून व्हय म्हणतीया, पण मालक पोट हाय," म्हणतात आणि उठतात. खाल्ल्याचा पश्चात्ताप करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. "बर्फात डब्यातल्या भाजीवर दिवाळ्या काढल्यात. आता म्होरं ताट आल्यावर भिऊ व्हय?" हे त्यांचं म्हणणं.

भीती होती ती आत्याला. परवाच्या साली आतोबांचे थोरले भाऊ हृदयविकाराने गेले, आणि आत्याचा धीर सुटला. तिने आतोबांना सांगलीला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, फक्त बेताने खा. आत्याला त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू आलं. पुढच्या यात्रेच्या दिवशी तिने मला सांगलीहून बोलावून घेतलं आणि बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांच्या ताटावर ध्यान ठेव. सांजच्याला माणूस धड घरी आला तर म्होरल्या साली बघू. न्हाईतर ही यात्रा शेवटची." तिचे डोळे भरले होते, त्यामुळे मला हसता आलं नाही. शिवाय या कामाला मीच योग्य माणूस होतो. माझी साखर नुकतीच काठावर आलेली, त्यामुळे मी काकडी आणि उकडलेले मूग यांवर दिवस काढत होतो आणि दुसऱ्याच्या ताटातल्या तेलाकडे फार बारकाईने बघत होतो.

पहिल्या घरी मी चतकोर भाकरी पाण्यासारख्या रश्श्याशी खाल्ली. दुसऱ्या घरी तेवढीही नाही. आतोबा दोन्हीकडे थोडंथोडं, पण मनापासून जेवले आणि दोन्ही स्वयंपाकघरांतल्या बायकांना खूश करून बाहेर पडले. तिसरं घर त्यांच्या फौजेतल्या दोस्ताचं, तिथलं आमंत्रण पहिल्यांदाच आलेलं. गल्लीत घरोघर मटण शिजत होतं, भुकेने माझं डोकं चालेनासं झालं होतं. आतोबा एका दारात शिरले, मी मागोमाग. एक म्हातारे गृहस्थ लगबगीने पुढे आले, पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी अंथरली. दोस्ताचे वडील असतील असं आम्ही धरून चाललो. यात्रेत दारात आलेल्या पाहुण्याला जेवायच्या आधी "कुठले" म्हणून विचारत नाहीत, त्यामुळे त्यांनीही विचारलं नाही. ताट आलं आणि माझा संयम संपला. किती भाकरी झाल्या ते मला माहीत नाही. म्हातारी वाढत होती आणि मी नको म्हणायचं विसरलो होतो.

आतोबांनी ताटावर हात धरला तेव्हा म्हातारे म्हणाले, "पावणं कुणीकडचं म्हणायचं?" आतोबांनी दोस्ताचं नाव सांगितलं. "त्येंचं घर पल्याडच्या गल्लीत," म्हातारे म्हणाले. मी घाईघाईने ताट मागे सारलं. म्हातारे मात्र हसले. "दोनी पोरं फौजेत. औंदा एकालाबी सुट्टी घावली न्हाई. सकाळधरनं रांधून बसलोय, उंबऱ्याला कुणाचा पाय लागला न्हाई. बरं झालं आलासा." आतोबांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं. मग, मी पाहिलेल्या सगळ्या यात्रांत पहिल्यांदाच, त्यांनी ताटावरचा हात काढला. "वैनी, एक पळी घाला अजून," ते म्हणाले.

येताना गाडी आतोबांनी चालवली. मी मागे पोट धरून बसलो होतो आणि दर खड्ड्याला देवाचं नाव घेत होतो. आत्या ओव्याचं पाणी घेऊन दारातच उभी होती. ते मी प्यायलो. आतोबांनी कपडे बदलले, बादली घेतली आणि म्हशीची धार काढायला गोठ्यात गेले. आत्याने एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ज्येच्यावर ध्यान ठेवायचं त्यो धार काढायलाय, आन् ध्यान ठेवणारा आडवा पडलाय," ती म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्याने हसली. म्होरल्या सालाचा निकाल तिथेच लागला.

यंदा त्या चुकलेल्या घराचं रीतसर आमंत्रण आलं, आणि आत्या आपण होऊन निघाली. ध्यान ठेवायला म्हणून, असं तिने सांगितलं. आजवर ती कधी कुठल्या यात्रेच्या पंगतीला बसली नव्हती. सण म्हणजे तिने रांधायचं, वाढायचं, आणि सगळे आडवे झाले की उरलेलं चुलीपाशी बसून खायचं. त्या म्हातारीने तिचं काही चालू दिलं नाही, हाताला धरून आतोबांशेजारी बसवलं. आत्या आधी अवघडली, पदर सारखा करत राहिली. मग जेवू लागली. सावकाश, चवीने, मागून घेऊन.

आतोबांचा हात भाकरीवर तसाच राहिला होता. ते तिच्याकडे बघत होते. "बगताय काय? जेवा की," आत्या म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण घास काही उचलला नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे झुकून, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मी एवढ्या पंगती झोडल्या गड्या. पर हिला जेवताना आजच बगतोय."