ट्रॅक्टरचा पोळा

दुसरी मोठी लढाई संपल्यावर आमच्या मालकांनी कुठूनसा एक जुना ट्रॅक्टर आणला आणि कर्जतजवळच्या त्यांच्या मळ्यात उभा केला. चालवायला मी. शेड नव्हती, अंगावर नुसती ताडपत्री. "आत पाणी गेलं तर तू घरी," मालकांनी बजावलेलं. मग काय, तान्ह्या पोरासारखा जपायचो मी त्याला. वरच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा उपडा घालायचो, कारण तिथून पाणी थेट इंजिनात उतरतं.

आबा, म्हणजे माझे वडील, मालकांचेच बैल सांभाळायचे. त्यांना ट्रॅक्टरचा लई राग. "रॉकेल पितो अन् शेन बी देत न्हाई," म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायचो.

पोळ्याच्या तोंडावर मी सामानासाठी नगरला गेलो आणि तिकडेच अडकलो. परतलो तेव्हा सण होऊन आठवडा उलटलेला. बघतो तर ट्रॅक्टर लखलखीत. धुराड्याला हिंगूळ फासलेला, वर बेगड आणि गोंडा. इंजिन चालू करायला पुढचं हँडल मारायला गेलो तर ते जागचं हलेना.

"आबा, हे कुनी केलं?"

"मीच की," आबा खुशीत म्हणाले. "बैलं धुतली, रंगवली. म्हटलं, ह्यो बी राबतोय, ह्याला का वगळायचं? शिंगावरचा त्यो डबा काढला अन् वरून चांगल्या घागरी वतल्या. एकच शिंग हाय, पन रंगवलंय झ्याक."

माझं डोकं फिरलं. गडीमाणसं बघत होती, तरी तोंडाला येईल ते बोललो. "अक्कल गहाण ठेवली का? पोटावर पाय दिला तुमी माझ्या." आबा धोतराच्या सोग्याला हात पुसत उभे राहिले. हात कोरडेच होते.

मिस्त्रीनं इंजिन खोललं. आत गंज धरला होता, तो कसाबसा सुटला. आबांनी स्वतः मालकांपुढं जाऊन चूक अंगावर घेतली, म्हणून माझी नोकरी राहिली. त्यानंतर त्यांच्यासमोर जेवायला बसलं की मी नुसता ताटात बघायचो. आज माफी मागू, उद्या मागू, असं रोज ठरवायचो. जीभच उचलायची नाही.

पुढच्या पोळ्याला बैलांना ओवाळून आबा तेच ताट घेऊन ट्रॅक्टरकडं आले आणि बांधावरच थांबले. मालकांशी बोलताना करत तसा आवाज बारीक करून त्यांनी मला विचारलं, "पानी न लावता, हितूनच ओवाळलं तर चालंल का?"