अजमानची मऊ भाकरी

भाकरी दाबायचं यंत्र, तीन नमुने मोडून चौथं. शेंगा फोडायचं हातयंत्र. गावच्या पिठाच्या गिरणीचा नवा सांगाडा. घराचा लोखंडी जिना, एकाही पायरीला पाचर न लावता. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं, एवढंच माझं शिक्षण. विट्यात माझं वर्कशॉप आहे.

यातल्या भाकरीच्या यंत्रानं मला जानेवारीत दुबईला नेलं. तिथं अल मनखूलमध्ये कराडकडचे मोहिते नावाचे गृहस्थ जेवणाचे डबे पुरवतात. माझा मेहुणा सुहास त्यांचाच डबा खातो. त्यानं त्यांना यंत्राचा व्हिडिओ दाखवला आणि दोन यंत्रं बसवून द्यायचं ठरलं. तिकीट त्यांचं, राहणं सुहासकडे अजमानला. पहिलं यंत्र सुटं करून आधीच पाठवलं होतं.

पुण्याहून थेट विमान आहे. जानेवारीत हवा छान असते, पण पहाटे गारठा असतो, स्वेटर न्याच. दुबईपेक्षा अजमानला घरभाडं बरंच कमी, म्हणून पुष्कळ माणसं तिथं राहून दुबईला कामाला जातात. सकाळच्या गर्दीत तेवढ्या रस्त्याला दोन-दोन तास लागतात. सुहासची बायको नंदा त्यासाठी उजाडायच्या आत घर सोडते. स्वयंपाकाला वेळ कुठला? म्हणून डबा.

सुहास टॉवर क्रेन चालवतो. त्याला साखरेचा आजार आहे. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बजावलं होतं: भात आणि मैदा बंद, ज्वारीची भाकरी खा, नाहीतर इन्सुलिन. त्याच्या कंपनीत इन्सुलिनवाल्याला क्रेनवर चढू देत नाहीत, गोदामात बसवतात आणि पगार निम्मा करतात. तेवढ्या पगारात अजमानला बायको-मुलगा ठेवता येत नाहीत. पुढची तपासणी मी तिथं असतानाच होती.

पहिल्या संध्याकाळी नंदानं डबा उघडला. झाकणावर स्टिकर: ‘शुगरवाल्यांसाठी शुद्ध ज्वारी’. भाकरी घडी घालण्याइतकी मऊ. मी तुकडा मोडायला गेलो, तर तो मोडेना. ताणला गेला, मग फाटला.

“इट्स स्ट्रेची, काका,” सुहासचा मुलगा अथर्व म्हणाला. “आय लाइक इट.”

“दाजी, खावा की,” सुहास हसला. “भाकरीला काय स्क्रू असतोय व्हय?”

ज्वारीच्या पिठाला ताण नसतो. ताजं पीठ असेल तर भाकरी मोडते. विरी गेलेल्या, म्हणजे चिकटपणा संपलेल्या जुन्या पिठाची असेल तर थापतानाच चिरते. ताणत कुठलीच नाही. पण खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा नियम.

दुसऱ्या दिवशी बसनं दुबईला गेलो. भाडं बारा दिरहम, म्हणजे तीनशे रुपयांच्या आतबाहेर. कार्ड आधी काढून ठेवा, रोख चालत नाही. मोहित्यांचं स्वयंपाकघर स्वच्छ होतं, ते कबूल करतो. तिथले मुख्य आचारी नझीरभाई, दापोलीकडचे. त्यांनी मळलेलं पीठ माझ्या यंत्रापुढं ठेवलं. मी उंडा हातात घेऊन दोन्हीकडं ओढला. रबरासारखा लांबला.

“नझीरभाई, यात काय आहे?”

“निम्मा मैदा,” ते सरळ बोलले. “शेठना विचारा. मी पगारी माणूस.”

मोहित्यांनीही लपवलं नाही. “अहो, इथं ज्वारीचं पीठ पाकिटातलं, कधी दळलेलं देव जाणे. दुपारी डबा उघडला की भुगा. लोक फोटो काढून पाठवायचे. मैदा घातला, कंप्लेंट खलास.”

“आणि स्टिकर?”

“त्या स्टिकरवरच तर धंदा चाललाय, हबीबी.”

त्यांची अडचण खोटी नव्हती, म्हणून आधी ती सोडवायला बसलो. अजमानमध्ये मसाले दळून देणारी गिरणी शोधली. शारजाच्या दुकानातून अख्खी ज्वारी आणली, समोर उभा राहून बारीक दळून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं, भरपूर मळलं. यंत्रावर भाकरी गोल उतरली, टम्म फुगली. नझीरभाईंनी नुसत्या मिठाबरोबर एक खाऊन टाकली.

दुपारी डबा उघडला. भाकरी अखंड होती, पण कडक झाली होती. ज्वारी ती, होणारच.

“बघा,” मोहिते म्हणाले. “लोक शिळी म्हणणार.”

“मग झाकणावर खरं लिहा. ज्वारी आणि मैदा.”

ते हसले. तेव्हाच मी सांगितलं, यंत्र चालू होणार नाही. साचा उतरवून पिशवीत घातला.

त्या संध्याकाळी सुहासला सांगणं फार जड गेलं. त्यानं डब्याच्या झाकणावरचा स्टिकर नखानं खरवडला.

“आठ महिने,” तो म्हणाला. “भात सोडला. सणाला पोळी खाल्ली नाही. साईटवर पोरं बिर्याणी खायाची, मी तोंड फिरवून हीच भाकरी खात बसायचो. आकडा वाढला की डॉक्टर म्हणायचे, चोरून खातोस. नंदापण म्हणायची.”

नंदा ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

“दाजी, तुमचं नाव झालं असतं इथं,” थोड्या वेळानं तोच म्हणाला. “माझ्यापायी कशाला मोडता?”

मी पिशवीतला साचा बॅगेच्या तळाशी ठेवला.

तपासणीला मी बरोबर गेलो. आकडा वाढलेलाच होता. मैद्याची हकिगत ऐकून डॉक्टरांनी इन्सुलिन तीन महिने पुढं ढकललं. पण डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम सुरू झाला होता. तो मागं फिरणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिथल्या आहारतज्ज्ञ मल्याळी बाई हिंदीत म्हणाल्या, “भाकरी के पीछे क्यों भाग रहे हो? यहाँ का खाना खाओ.”

परत येताना कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात बसलो. बाईंनी सांगितलेलं मागवलं: ‘फूल’ नावाचा पदार्थ, म्हणजे शिजवून ठेचलेला बाकला, पावट्यासारखंच एक कडधान्य, वर लिंबू, जिरं आणि ऑलिव्हचं तेल. वाटी सात दिरहमला, पावणेदोनशे रुपये. बरोबर येणारी खुबूस ही मैद्याची मोठी रोटी सुहासनं परत पाठवली. काकडी, मुळा आणि लबन घेतलं. लबन म्हणजे आपलं ताकच, जरा दाट. पहिल्या घासाला मला ते तेल उग्र लागलं. तिसऱ्या घासाला पावट्याच्या आमटीची चव सापडली. सुहासनं वाटी पुसून खाल्ली.

परदेशी राहायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. गावचं अन्न तिथं त्याच नावानं मिळेल, पण ते मोडून बघा. आणि तिथली माणसं रोज काय खातात तेही बघा. नंदा आता आठवड्याला ज्वारी दळून आणते, रात्री मोजून दोन भाकऱ्या करते. बाकी दिवसभर बाकला, हरभरे, भाजलेला मासा.

निघण्याआधी तिकिटाचे पैसे मी मोहित्यांना परत केले, तेव्हा मी थांबावं म्हणून त्यांनी आणखी काही देऊ केलं. पुढं सुहासचा फोन आला: आकडा उतरला, जेमतेम, पण उतरला. क्रेन अजून त्याच्याकडं आहे. उजव्या डोळ्यानं संध्याकाळी अंधुक दिसतं, हे त्यानं मला सांगितलं. त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून सांगितलेलं नव्हतं. परवा मीच सांगितलं. ती रडली, आणि मग तिनं विचारलं, तुम्हाला मोहित्यांनी शेवटी काय देऊ केलं होतं?

तेव्हा टाळलं. ती हे वाचेलच, म्हणून लिहितो. दोन वर्षांचा व्हिसा, राहायला खोली, स्वयंपाकघराचा सगळा कारभार माझ्याकडे, स्टिकर आहे तसाच. महिना सात हजार दिरहम, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार रुपये. मी नको म्हणालो.