माळेचा पाचवा भाग

माझी सासू अजून धडधाकट आहे. म्हणून आत्ताच सांगून टाकते, मला ती आवडत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं लागतं. खरं बोलायचं तर ती जिवंत असतानाच बोललेलं बरं.

सिहोऱ्यात तिला कोणी नावाने ओळखत नाही. ती नर्सबाई. मिशनच्या दवाखान्यात तिची सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात गेली. गावातले अर्धे लोक तिच्याच हातात पहिल्यांदा रडले. पिळदार मिशांचे बाप्ये अजून तिला पाहून बिडी लपवतात. आजूबाजूला कॅथलिक घर आमचं एकच, चर्च थेट तुमसरला. मग घरात पोपही तीच आणि देवदूतही तीच. आम्ही सगळे पापी.

मी अड्याळकडची, धान पिकवणाऱ्या हिंदू घरातली. तिच्या धाकट्या मुलाशी मी पसंतीनं लग्न केलं. त्याच्यासाठी बाप्तिस्माही घेतला, कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्या दिवशी माझे केस अजून ओले होते. मी शेजारीच उभी आहे हे पाहून ती माझ्या जावेला म्हणाली, "पाण्यानं धुतलं म्हणून मूळ बदलते काय व?"

बावीस वर्षं झाली. ते वाक्य मी विसरले नाही, आणि विसरणारही नाही.

संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे माळ होते, म्हणजे मण्यांवर मोजून म्हणायची मरियेची प्रार्थना. गॅसवर भात असो की दारात पाहुणा, सातला सगळ्यांनी मरियेच्या फोटोसमोर बसायचं. माळेचे पाच भाग, प्रत्येक भागात दहा मणी. दर मण्याला एकच प्रार्थना, पण ती दोघांत वाटलेली. पहिला अर्धा, 'नमो मरिया' पासूनचा, पुढाकार घेणारा एकटा म्हणतो. दुसरा अर्धा, 'हे पवित्र मरिये' पासूनचा, बाकीच्यांनी मिळून म्हणायचा. कोणाचा कोणता भाग हे सासूनं दवाखान्यातल्या ड्यूटीसारखं लावून दिलं होतं. पहिले दोन तिचे, तिसरा दिराचा, चौथा जावेचा, पाचवा माझ्या नवऱ्याचा. माझ्या वाट्याला काही नाही. मी उत्तर देणाऱ्यांत.

त्याचं मला तेव्हा दुःख नव्हतं, खोटं कशाला बोलू. नवरा त्याचा भाग असा भरभर म्हणायचा की सासू मधेच खाकरायची. आठव्या मण्याला तो तिरप्या डोळ्यानं माझ्याकडे बघायचा, भात लागला का म्हणून. मी मान हलवायची आणि उत्तर द्यायची. दिवसभर त्याची नोकरी, माझी कामं. दिवसात आम्ही दोघं समोरासमोर सलग बोलायचो ते तेवढंच.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. सकाळी छातीत कळ आली आणि तुमसरच्या रस्त्यावर गाडीतच सगळं संपलं. माती देऊन आलो, त्या संध्याकाळीही सात वाजता माळ झाली. चौथा भाग संपला. मला वाटलं, आता हा भाग माझा. दुसऱ्या कोणाचा असणार? मी तोंड उघडलं तर सासूनं हात वर केला. "राहू दे," म्हणाली. मग ती एकटीच दहा मणी अंगठ्यानं सरकवत राहिली. एक शब्द नाही. आम्ही सगळे मिठाची गुळणी धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. तीन वर्षं तेच!

माझ्या जिवाची नुसती लाही व्हायची. मुलाच्या जागी तिला सुनेपेक्षा मुकाट बसणं बरं वाटत होतं. म्हणजे मी कोण? भांडी घासायला चालते, तिचे पाय चेपायला चालते, तिच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायला चालते. नवऱ्याचे दहा मणी म्हणायला मात्र माझं मूळ आडवं येतं! कपडे, घड्याळ, गाडी, सगळं दिराकडे गेलं, मी हूं की चूं केलं नाही. मला फक्त ते दहा मणी हवे होते.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही सकाळी तुमसरला त्याच्या कबरीवर गेलो. मी क्रूसाला चुना लावला, झेंडूची फुलं वाहिली. सासूनं मागून येऊन माझी फुलं उचलली आणि हातभर सरकवून ठेवली. तिथंच माझं डोकं फिरलं. पण कबरस्तानात कसं बोलणार?

संध्याकाळी चौथा भाग संपला आणि तिचा अंगठा मुकाट सरकायला लागला, तेव्हा मी बोलले.

"आई, पाचवा भाग मले द्या."

दीर खाली बघायला लागले. सासूनं मान वर केली नाही. "काहून? तो काय रिकामा पडला आहे?"

"रिकामाच तर आहे. तीन वर्षांपासून रिकामा ठेवून राहिल्या तुम्ही. तो तुमचा पोरगा होता, तसा माझा नवरा होता ना?"

"तुले येते काय?"

"येते. बावीस वर्षं काय भिंत आहो मी इथं?"

सासूचा अंगठा मण्यावर थांबला. मग म्हणाली, "म्हण."

मी मणी धरला. श्वास घेतला आणि मोठ्यानं सुरू केलं, "हे पवित्र मरिये..."

उलटं! दुसरा अर्धा! बावीस वर्षं जिभेवर तोच बसलेला. पहिला अर्धा मी हजारदा ऐकला होता, पण तोंडानं एकदाही म्हटला नव्हता. ऐन वेळी तो आलाच नाही. जावेनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई, उत्तरच देऊन राहिली ही!" धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. आता सासू काय बोलेल ते मला पाठ होतं. मूळ बदलते काय व?

सासूनं काठी आपटली, पण जावेकडे बघून. "हसू नको," म्हणाली. आणि माझा अर्धा संपल्याबरोबर, डोळे मिटून, भरभर, अगदी त्याच्यासारखं भरभर, तिनं पहिला अर्धा म्हटला.

मी पुन्हा माझा म्हटला. तिनं पुन्हा त्याचा. दहा मणी. दीर आणि जाऊ, दोघांनाही काय म्हणावं कळेना. आठव्या मण्याला तिनं तिरप्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. तो ही खोड कोणाकडून शिकला होता, ते मला तेव्हा कळलं.

माळ संपली तशी ती उठली. जाता जाता म्हणाली, "उद्या सरळ म्हण. ह्या घरात असा उलटा कारभार चालत नाही."

मी पहिला अर्धा पाठ केला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना म्हणून पाहिला. आता तो मला झोपेतसुद्धा येतो. पण दुसऱ्या दिवशी मी तो म्हटला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जाऊ म्हणते फादरला सांगते, खुशाल सांग म्हणावं. सासू रोज मला टोकते, "सुंभ जळला तरी पीळ नाही गेला तुझा." तुमचा तरी कुठं गेला, असं मी मनात म्हणते.

आमचं अजूनही पटत नाही. कालच मिठावरून भांडण झालं. पण सातला पाचवा भाग आला की मी माझाच अर्धा म्हणते, हट्टानं. पहिला त्याचा आहे, तो मी कशी म्हणू? तो तिलाच म्हणावा लागतो, आणि ती म्हणते.